पाखराच्या पायातले कडे

(द्वितीय वर्ष कला)

आमचे गाव नांदूरमधमेश्वरच्या बंधाऱ्यापासून सायकलने अर्ध्या तासावर आहे. बदके आली की थंडी आली आणि बदके गेली की उन्हाळा लागला, हा आमच्याकडचा हिशेब लहान पोरांनाही ठाऊक असतो. पण ही पाखरे येतात कोठून, जातात कोठे, आणि यंदा आलेले पाखरू गेल्या वर्षीचेच की दुसरेच, असे विचारले तर गावात कोणालाच सांगता येत नाही. खरे म्हणजे कॉलेजात येईपर्यंत मलाही हा प्रश्न पडला नव्हता. गेल्या एप्रिल महिन्यात एका सकाळी या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची रीत मला प्रत्यक्ष पाहायला मिळाली. त्या सकाळीविषयी, आणि त्यानंतर वाचनालयात बसून जे वाचले त्याविषयी, येथे लिहीत आहे. मी शास्त्र शाखेची विद्यार्थिनी नाही. तेव्हा वाचकांनी उणेअधिक सांभाळून घ्यावे.

जुने तर्क आणि पहिला पुरावा

पक्ष्यांच्या येण्याजाण्याचे कोडे माणसाला फार प्राचीन काळापासून पडले आहे. ग्रीक तत्त्ववेत्ता अ‍ॅरिस्टॉटल याने लिहून ठेवले होते की काही पाकोळ्या हिवाळ्यात दूर न जाता पिसे झडलेल्या अवस्थेत बिळांत पडून राहतात. एका जातीचा पक्षी ऋतू पालटला की दुसऱ्याच जातीचा होतो, असेही त्याने म्हटले होते. युरोपात हे तर्क पुढे कित्येक शतके चालत राहिले. आज आपल्याला हसू येते. पण डोळ्यांसमोरून नाहीसे झालेले एवढेसे पाखरू समुद्र ओलांडून गेले असेल, हे पटायला पुरावा हवा होता आणि तो कोणाजवळच नव्हता.

असा एक पुरावा १८२२ साली अवचित मिळाला. जर्मनीतील क्ल्युत्झ या गावाजवळ एक करकोचा मारला गेला. त्याच्या मानेत हातभर लांबीचा भाला आरपार रुतलेला होता आणि तो भाला आफ्रिकेतील बनावटीचा होता. जखमी होऊनही तो पक्षी आफ्रिकेतून जर्मनीपर्यंत उडत आला होता. पेंढा भरून ठेवलेला हा करकोचा रोस्टॉकच्या विद्यापीठात आजही आहे.

पण भाला लागलेला पक्षी काही रोज मिळत नाही. पक्ष्याला इजा न करता त्याच्यावर खूण कशी करावी, याचा विचार डेन्मार्कमधील व्हिबोर्ग गावच्या एका शाळामास्तरांनी केला. त्यांचे नाव हान्स ख्रिश्चन मॉर्टेन्सन. १८९० साली त्यांनी जस्ताची कडी करून पाहिली, परंतु ती पक्ष्यांना जड झाली. मग त्यांनी अ‍ॅल्युमिनियम घेतले. १८९९ साली साळुंकीच्या कुळातील १६५ स्टार्लिंग पक्ष्यांच्या पायांत त्यांनी गावाचे नाव आणि क्रमांक कोरलेली कडी घातली. पक्ष्यांना कडी घालण्याचे पद्धतशीर काम येथून सुरू झाले, असे मानतात.

या पद्धतीचे मर्म मला एका पाकोळीच्या हकिकतीतून कळले. मे १९११ मध्ये इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यात एका वकिलांनी आपल्या घराच्या दारात घरटे करणाऱ्या पाकोळीला कडे घातले. डिसेंबर १९१२ मध्ये ती पाकोळी दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतात एका शेतावरच्या घरात सापडली. कड्यावर लंडनचा पत्ता होता. तेथील एका हॉटेलमालकाने तो वाचला आणि पत्र टाकले. इंग्लंडमधील पाकोळ्या हिवाळ्यात दक्षिण आफ्रिकेपर्यंत जातात, हे त्या एका पत्राने सिद्ध झाले. कडे घालणारा माणूस अर्धेच काम करतो. उरलेले अर्धे काम, जो कोणी कधी ते कडे पाहील आणि वाचील, त्याच्या हातात असते. ही गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून येथे मुद्दाम सांगून ठेवते.

आपल्याकडील काम

हिंदुस्थानात हे काम १९२६ च्या सुमारास धारच्या पवार संस्थानिकांनी बदकांना कडी घालून सुरू केले. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, जिची स्थापना १८८३ साली झाली, तिचा या कामाशी तेव्हापासून संबंध आहे. परंतु मोठ्या प्रमाणावर काम सुरू व्हायला एक रोग कारणीभूत झाला. १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर येथील जंगलात माकडे मरू लागली आणि माणसेही तापाने आजारी पडू लागली. हा रोग गोचिडीतून पसरतो असे आढळले. रशियात अशाच प्रकारचा रोग होता. तेव्हा सैबेरियातून येणाऱ्या पाखरांच्या अंगावरून गोचिडी आल्या असाव्यात, असा संशय शास्त्रज्ञांना आला. तो तपासायचा तर पाखरे कोठून येतात हे आधी कळायला हवे. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचे साहाय्य मिळाले आणि डॉ. सालिम अली यांच्या नेतृत्वाखाली राजस्थानातील भरतपूर येथे व अन्यत्र हजारो पक्ष्यांना कडी घालण्यात आली. रोगाविषयीचा संशय पुढे टिकला नाही. पण पक्ष्यांच्या प्रवासाची माहिती मात्र आपल्या पदरात पडली. भरतपूरला कडी घातलेली बदके सोव्हिएत रशियात मिळाली, आणि ‘मॉस्को’ असे रशियन धाटणीने कोरलेली कडी आपल्याकडच्या शिकाऱ्यांना बदकांच्या पायांत आढळली.

या इतिहासात मला सर्वांत विशेष वाटली ती निराळीच गोष्ट. हजारो पक्षी जिवंत पकडायचे कसे, हे विद्यापीठांत शिकलेल्यांना येत नव्हते. ते बिहारमधील मीरशिकार समाजाला येत होते. पिढ्यान्‌पिढ्या पाखरे धरून विकणे हा त्यांचा धंदा. कोणते पाखरू कोणत्या वाटेने येते, कशाला भुलते, कोणत्या फाशात पाय न मोडता सापडते, हे त्यांना तोंडपाठ होते. सोसायटीने त्यांना या कामावर घेतले. त्यांच्यापैकी अली हुसेन यांचे नाव पक्षी-अभ्यासकांत आजही आदराने घेतले जाते. बाजारासाठी पाखरू धरणारा हात शास्त्रासाठी पाखरू धरू लागला. हे वाचताना मला आमचे आबा आठवले. त्याचे कारण आता सांगते.

आदल्या संध्याकाळी

आमच्या भूगोलाच्या सरांनी वर्गात सांगितले की पक्षी-संशोधकांचे एक पथक अभयारण्यात येणार आहे आणि नोंदी लिहायला दोन विद्यार्थी हवे आहेत. अक्षर सुवाच्य असावे, एवढीच अट होती. मी नाव दिले. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली. त्यामुळे ‘कॉलेजचे काम आहे’ म्हटले की घरी कोणी नाही म्हणत नाही. पण पहाटे चारला पाण्यावर जायचे म्हटल्यावर आबांनी विचारले, “कशापायी?”

मी सांगितले, “पाखरं धरायची, पायात कडं घालायचं अन् सोडून द्यायची.”

आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी जे सांगितले ते मी आजवर कधी ऐकले नव्हते. बहात्तरच्या दुष्काळात आबा दिवसा खडी फोडायला जात आणि रात्री बंधाऱ्याच्या पाण्याकडेला फासे लावीत. घोड्याच्या शेपटीच्या केसांचे हे फासे ते स्वतः वळीत. एकदा एक तलवार बदक सापडले. त्याच्या पायात पांढऱ्या पत्र्याचे कडे होते. बदक घरात शिजले. दोन दिवस पोरांच्या पोटात काही गेले नव्हते, हेही आबांनी सांगितले. ते कडे टाकून न देता आजीने माझ्या थोरल्या आत्याच्या करदोड्यात ओवले. आत्या तेव्हा रांगत होती. पुढे केव्हातरी ते नदीवर पडून गेले.

चुलीपुढून आजी म्हणाली, “बारीक अक्षरं व्हती त्याच्यावर. पण वाचणार कोण व्हतं घरात?”

ते कडे भरतपूरचे होते की मॉस्कोचे, हे आता कधीच कळणार नाही. ते कोणी घातले असेल, कोणत्या वहीत त्याचा क्रमांक लिहिला असेल आणि त्या क्रमांकापुढची जागा आजपर्यंत कोरी राहिली असेल, याचा विचार करीत मी रात्री जागी होते. त्याच १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. आबांना त्याची वार्ता पुष्कळ वर्षांनी लागली आणि तेव्हा त्यांनी फासे चुलीत घातले. आमच्या घरात ही गोष्ट लाजेची म्हणून कोणी काढीत नसे. मीही ती येथे लिहावी की नाही याचा विचार केला, आणि आबांना विचारूनच लिहिली आहे.

निजताना आबांनी एवढेच सांगितले, “धोबी पाणकणसात झोपायला येत्यो. उजेड फुटायच्या आत उठत्यो अन् वारं आसंल तर बांधाच्या आडोशानं खालून निघत्यो. उघड्यावर जाळं लावलं तर घावायचा नाही.”

ती सकाळ

गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या आरंभी हा बंधारा बांधला गेला. त्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचून बेटे आणि दलदल झाली. तेथे पाणकणसे माजली आणि पाखरांचे माहेर झाले. १९८६ साली हे अभयारण्य जाहीर झाले. पाणथळ जागांच्या रक्षणासाठी १९७१ साली इराणमधील रामसर शहरी जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या यादीत २०२० साली त्याचे नाव आले. या यादीत आलेले ते महाराष्ट्रातील पहिले ठिकाण होय.

आम्ही पोहोचलो तेव्हा अंधार होता. पथकाजवळ वनखात्याची लेखी परवानगी होती, कारण परवान्यावाचून पाखराला हात लावणे हा गुन्हा आहे. दोन बांबूंच्या मध्ये काळ्या नायलॉनचे अतिशय बारीक जाळे ताणतात. त्याला मिस्ट नेट म्हणतात, आणि धुक्यासारखे हे नाव त्याला शोभते. मी हातभर अंतरावर उभी होते तरी मला ते दिसेना. जाळ्याला आडवे झोळ असतात. पाखरू धडकले की अलगद झोळात पडते आणि लोंबकळत राहते.

पहिल्या फेरीला उघड्या काठावरच्या जाळ्यात एक खंड्या आणि दोन बोरू वटवटे मिळाले, धोबी एकही नाही. वारा सुटला होता. मी भीतभीत प्रमुखांना आबांचे बोलणे सांगितले. ते हसतील असे वाटले होते. ते हसले नाहीत. त्यांनी विचारले, “ताई, कोणता बांध?” आणि एक जाळे उचलून बांधाच्या आडोशाला लावायला लावले. पुढच्या फेरीला तेथे सात पिवळे धोबी होते.

पाखरू जाळ्यातून काढणे हे सर्वांत नाजूक काम. ते ज्या बाजूने शिरले त्याच बाजूने काढायचे, आधी पाय मोकळे करायचे, ओढाताण करायची नाही. मग त्याला नाडीच्या सुती पिशवीत ठेवतात. अंधारात ते शांत राहते. टेबलापाशी प्रमुख त्याची मान तर्जनी आणि मधल्या बोटात सैल धरीत. त्यामुळे पाखरू तळहातावर उताणे पडून राही आणि त्याला दाब बसत नसे. पायाच्या जाडीप्रमाणे कडे निवडून ते खास पकडीने मिटायचे. कडे पायावर सहज फिरले पाहिजे, पण पंजावरून निसटता कामा नये. नंतर एकेक माप ते मोठ्याने सांगत आणि मी लिहीत असे. कड्याचा क्रमांक, जात, नर की मादी, वय, पंखाची लांबी मिलिमीटरमध्ये, पिसांची स्थिती, आणि पिशवीचे वजन वजा करून पाखराचे वजन.

पहिल्या धोब्याचे वजन भरले २१ ग्रॅम. म्हणजे पाच रुपयांची तीन नाणी. प्रमुखांनी त्याच्या पोटावर हळूच फुंकर मारली. पिसे बाजूला झाली आणि कातडीखाली पिवळसर चरबी दिसली. ते म्हणाले, “हा निघायच्या तयारीत आहे. ही त्याची शिदोरी.” मध्य आशिया आणि सैबेरियाच्या गवताळ प्रदेशांत हे धोबी वीण करतात. एप्रिलमध्ये किडे खाऊन ते अंगात चरबी साठवतात आणि तिच्या बळावर निघतात. आमच्या शेतात बैलांच्या पायांपाशी तुरुतुरु चालणारे हे पाखरू, आणि त्याच्या पुढ्यात केवढी वाट!

क्रमांक लिहिताना माझा हात थरथरत होता. एक आकडा चुकला तर ते पाखरू जगाच्या हिशेबातून गेले. प्रत्येक क्रमांक मी परत वाचून दाखवी आणि प्रमुख “बरोबर” म्हणत. परीक्षेच्या पेपरातदेखील मी इतक्या काळजीने कधी लिहिले नव्हते.

येथे मनात आलेला एक प्रश्नही लपवीत नाही. पिशवीतल्या पाखराचे काळीज इतके धडधडत होते की पिशवी हलत होती. माझ्या आबांनी पोटासाठी धरले ते वाईट, आणि आम्ही माहितीसाठी धरतो ते चांगले, असे सरळ म्हणता येईल का? मी प्रमुखांना विचारले. ते म्हणाले, “त्रास होतोच. म्हणून तो कमीत कमी व्हावा, आणि झालेला वाया जाऊ नये, हे आपलं काम. नोंद चुकली तर त्याला उगीच धरल्यासारखं होईल.” त्या दिवशी ऊन चढताच, साडेआठ वाजता, त्यांनी सर्व जाळी गुंडाळायला लावली. आणखी पाखरे मिळाली असती, परंतु उन्हाळ्यात जाळ्यात अडकलेले पाखरू उष्म्याने लवकर दगावते.

जाळी गुंडाळत असताना आबा बांधावर येऊन उभे राहिलेले दिसले. हात पाठीमागे, चेहरा दुसरीकडे. प्रमुखांनीच त्यांना “या बाबा” म्हणून बोलावले. शेवटचा धोबी सोडायचा होता. आबांनी वाकून त्याच्या पायाकडे पाहिले.

“आसंच व्हतं,” ते म्हणाले. “ह्याच्याहून मोठं.” आणि मग माझ्याकडे वळून, “काय लिवलंय त्याच्यावर?”

मी आकडे वाचले. मग अक्षरे वाचली आणि मराठीत सांगितली. “मुंबईच्या सोसायटीला कळवा, असं लिहिलंय आबा.”

“एवढंच?”

“एवढंच.”

प्रमुखांनी पाखरू त्यांच्या उघड्या तळहातावर ठेवले. ते क्षणभर तेथेच बसले आणि मग बांधाच्या आडोशाने, पाण्यालगत, खालून निघून गेले.

कड्याचा उपयोग

आता या कामात नवी साधने आली आहेत. उपग्रहाशी बोलणारी लहान यंत्रे पाखरांच्या पाठीवर बसवतात. २०१३ साली नागालँडमध्ये अशी यंत्रे लावलेले अमूर ससाणे अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेत कसे जातात, हे घरबसल्या पाहता आले. मंगोलियात मानेत क्रमांकाचे पट्टे घातलेले पट्टकदंब हंस महाराष्ट्रातील तलावांवर दुर्बिणीतून ओळखले गेले आहेत. तरी कड्याचे महत्त्व संपलेले नाही. ते स्वस्त आहे, हलके आहे, आणि २१ ग्रॅमच्या पाखरालाही घालता येते. पॅसिफिक महासागरातील मिडवे बेटावर १९५६ साली कडे घातलेली एक अल्बट्रॉस मादी २०२४ सालीही अंडे घालताना दिसली. झिजलेली कडी बदलत, क्रमांक पुढे चालवत ठेवल्यामुळेच हे कळले. तिला पहिले कडे घातले तेव्हा आमचे आबा सात वर्षांचे होते.

लहान पाखरांना घातलेल्या कड्यांपैकी शंभरात एकाचाही पुन्हा पत्ता लागत नाही. म्हणून जे सापडेल ते वाया जाता कामा नये. आपल्या कॉलेजात नदीकाठच्या आणि तलावाकाठच्या गावांतील पुष्कळ मुले-मुली आहेत. त्यांना विनंती की पायात कडे असलेले पाखरू आढळले आणि ते जिवंत असले, तर कडे काढू नये. त्यावरील सर्व अक्षरे आणि आकडे जसेच्या तसे उतरवून घ्यावेत, शक्य तर छायाचित्र काढावे. मेलेले असले तर कडे जपून ठेवावे. गावाचे नाव, तारीख आणि पाखराची अवस्था लिहून ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवावे. आणि घरातील वडीलधाऱ्यांनाही एकदा विचारावे की असे कडे त्यांनी कधी पाहिले होते का. आमच्या घरातले नदीत गेले. कोणाच्या घरी ते अजून फडताळात किंवा जुन्या डबीत पडलेले असेल. ते आता वाचता येईल.